ड्युटी कोणी लावली?

बेसबॉलच्या मैदानावर सगळे प्रेक्षक चेंडूकडे बघत असतात. माझे सासरे बाकाकडे बघायचे. जे खेळाडू त्या क्षणी खेळत नसतात ते मैदानाच्या कडेला एका खोलगट पडवीत बसलेले असतात. तिला डगआउट म्हणतात. तात्यांची दुर्बीण कायम तिकडे लागलेली. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, डोक्याला क्लबची निळी टोपी, मांडीवर पुठ्ठ्याचं पॅड आणि पॅडवर फूटपट्टीनं आखलेला कागद. बॅटरनं चेंडू लांब टोलवला, लोक ओरडत उभे राहिले, तरी तात्या आपले बाकाकडेच. “काय झालं हो?” असं ते मला नंतर सावकाश विचारायचे, आणि मलाही ते सांगता यायचं नाही, कारण मी शेंगा सोलत असायचो.

त्या कागदावर धावा नसायच्या. चार रकाने होते. गड्याचं नाव, तारीख, किती चेंडू टाकले, आणि शेवटचा, लाल शाईनं आखलेला, ‘रेस्ट’. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “तात्या, स्कोअर नाही लिहीत?”

“तो त्यांनी घराएवढ्या फळ्यावर लिहिलाय की. मी परत कशाला लिहू? जे कुणी लिहीत नाही ते लिहावं माणसानं.”

तात्या म्हणजे माझी बायको अलका हिचे वडील. कराडकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेले. गाळप सुरू झालं की कारखाना पाच महिने अहोरात्र चालतो. त्यात कोण पहिल्या शिफ्टला, कोण तिसऱ्या, कुणाची सुट्टी, सुट्टीवरच्या माणसाच्या जागी रिलीव्हर कोण, हे सगळं तात्या एका मोठ्या तक्त्यावर लिहीत. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यामुळे माणूस दिसला की तो किती वेळ उभा आहे हे त्यांना आधी दिसायचं, आणि त्याचं नाव नंतर.

आमच्या अल्फारेटाच्या घरी ते आले एप्रिलमध्ये, सहा महिन्यांसाठी. साल दोन हजार तीन की चार, यावर अलका आणि मी अजून भांडतो, आणि ती म्हणते ते बरोबर असतं. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. अल्फारेटात गाडी चालवता येत नसेल तर माणूस पत्रपेटीपर्यंत जाऊन परत येतो. तात्यांनी आठवडाभर तसं केलं. आठव्या दिवशी फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला दिसला. भांडी, कचरा, आमच्या लेकीला, रेवाला, शाळेच्या बसपर्यंत सोडणं, सगळ्याच्या ड्युट्या लावलेल्या. अलकाच्या नावापुढे रविवारी लाल शाईत ‘रेस्ट’. माझ्या नावापुढे बुधवार, शुक्रवार आणि रविवार भांडी.

“तात्या, मी ऑफिसला जातो हो.”

“तीपण जाते की, जावईबापू.”

वडिलांसमोर अलका मला ‘अहो’ म्हणते, एरवी ‘अरे’. त्या दिवशी ती इतक्या गोड आवाजात “अहो, साबण संपलाय हं” म्हणाली, की मी अमेरिकेतली दहा वर्षं विसरून निमूट दुकानात गेलो.

बेसबॉलकडे त्यांना नेलं आमच्या शेजारच्या वॉल्टनं. वॉल्ट सत्तरीचा, टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात आयुष्य घालवून रिटायर झालेला. आमच्यापासून पंचवीस मिनिटांवर एका छोट्या गावात खालच्या दर्जाच्या बेसबॉलचा एक क्लब होता. टीव्हीवर दिसणारा नव्हे. लाकडी बाकांचं मैदान, एका बाजूला पाण्याची टाकी, आणि नेमानं येणारी तीन-चारशे माणसं. वॉल्ट तिथे हौसेनं लोकांना जागा दाखवायचं काम करायचा. एका रविवारी दुपारी त्यानं तात्यांना आपल्या पिकअपमध्ये घातलं. संध्याकाळी परत आले तेव्हा तात्यांचा चेहरा कारखान्याचा भोंगा ऐकल्यासारखा खुलला होता.

“जावईबापू, किती मॅचेस खेळतात ठाऊक आहे? एकशेचाळीस! पाच महिन्यांत. रोज. हा खेळ नव्हे हो, हा हंगाम आहे. आणि दमलेल्या गड्याच्या जागी दुसरा आणतात, त्याला काय म्हणतात सांगा? रिलीव्हर!”

इथून पुढे वॉल्ट आणि तात्या यांची जोडी जमली. वॉल्टला मराठी येत नव्हतं आणि तात्यांचं इंग्रजी कारखान्याच्या रजेच्या अर्जापुरतं. पण दोघं गाडीत सलग पंचवीस मिनिटं बोलायचे. काय बोलता असं मी एकदा विचारलं. तात्या म्हणाले, “तो साहेबाला शिव्या देतो, मी मान हलवतो. मग मी देतो, तो हलवतो.”

साहेब म्हणजे संघाचा मॅनेजर. बेसबॉलमध्ये मॅनेजर त्या बाकावर गम चघळत उभा असतो आणि कुणी चेंडू टाकायचा, कधी थांबायचं, हे ठरवतो. म्हणजे थोडक्यात टाइम ऑफिस. तात्या दुर्बिणीतून बघायचे ते त्याला. जूनपर्यंत त्यांच्या कागदांची फाइल झाली. कुठल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, किती दिवसांची रेस्ट लागते हे क्लबच्या कचेरीपेक्षा त्यांना जास्त पाठ होतं, असं वॉल्ट छाती फुगवून सांगायचा. मागच्या रांगेतले लोक वाकून विचारायला लागले, “बॉस, आज हा किती वेळ टिकणार?” तात्या बोटं दाखवायचे. तेवढ्या इनिंग (बेसबॉलच्या एका मॅचमध्ये नऊ असतात) झाल्या की तो पिचर खरंच ढेपाळायचा.

“चेंडू मोजता येतात,” ते म्हणायचे, “दमणूक मोजता येत नाही. म्हणून ती लिहून ठेवायची.”

त्यांचा लाडका गडी होता डेल. चौतिशीतला, दाढीवाला, हिवाळ्यात घरांची छपरं दुरुस्त करणारा पिचर. त्याच्या वयाला बाकीचे खेळ सोडून देतात. डेलला चार दिवसांची रेस्ट दिली की पाचव्या दिवशी तो शांतपणे सात इनिंग ओढायचा. “आमच्या शिवरामसारखा आहे,” तात्या म्हणायचे. शिवराम कोण, ते मी विचारलं नाही. कारखान्यातली माणसं मी सहसा विचारत नसे, कारण एक विचारला की त्याच्यामागे पूर्ण शिफ्ट यायची.

सप्टेंबरमध्ये क्लब प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांना, पोचला. कित्येक वर्षांनी. पहिल्या फेरीत तीन मॅचेस, दोन जिंकेल तो पुढे. एक जिंकली, एक हरलो, आणि तिसरी शनिवारी दुपारी घरच्या मैदानावर. तात्यांना मी नेणार असं कबूल केलं, आणि मग फ्रिजवर बघितलं.

फ्रिजवर तात्यांच्या तक्त्याशेजारी माझाही एक तक्ता असायचा. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर करायची. शनिवार-रविवारी काही बिघडलं तर फोन घ्यायला टीममधलं एकजण लागायचं. मी टीम लीड, म्हणून तक्ता मी करायचो. त्या शनिवारी नाव होतं माझं.

मी वैशालीला फोन केला. वैशाली नागपूरची, तीन वर्षांपूर्वी आलेली, कामाला वाघीण. आधीचे दोन आठवडेही तिनंच सांभाळले होते, कारण एकजण लग्नाला भारतात गेला होता आणि दुसरा अगदी नवा होता.

“वैशाली, एवढा एक वीकेंड घेशील का गं? सासऱ्यांना मॅचला न्यायचंय.”

ती म्हणाली, “हो ना सर. घेते. काही प्रॉब्लेम नाही.”

तिचा व्हिसा आमच्या कंपनीवर, नोकरी माझ्या प्रोजेक्टवर, आणि शेरा माझ्या हातात. प्रॉब्लेम कसा असेल? माझ्या हाताखाली ‘नाही’ म्हणणं परवडत नाही अशी माणसं होती, आणि मी त्याला टीम स्पिरिट म्हणायचो. तक्त्यावरचं माझं नाव मी खोडलं, वर तिचं लिहिलं आणि निळी टोपी घातली.

मैदानावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. डेल चेंडू टाकायला आला तेव्हा तात्यांनी कागद बघितला, पुन्हा बघितला, आणि माझा दंड धरला.

“तीनच दिवस झालेत.”

“कशाला?”

“ह्याला तीनच दिवस झालेत. चार लागतात. एप्रिलपासनं एकदाही तीनवर उतरवलेला नाही ह्याला.”

“मोठी मॅच आहे तात्या. म्हणून आणला असेल.”

“मोठी मॅच खांद्याला कळते होय?”

सहा इनिंग डेलनं ओढल्या. दोन धावांनी आम्ही पुढे. सातव्या इनिंगला तात्यांनी पहिल्यांदाच दुर्बीण बाकावरून काढून डेलवर लावली. “टोपी काढतोय बघा सारखी. दमलेला माणूस सारखी टोपी काढतो. उठवा की रिलीव्हर!” वॉल्ट मागून ओरडला, शेजारचे ओरडले. बाकावर मॅनेजर गम चघळत राहिला. मग एक फटका, दुसरा, आणि तिसरा थेट पाण्याच्या टाकीच्या दिशेनं. दोन धावांनी आम्ही पुढे होतो ते एका धावेनं मागे झालो, आणि तसेच राहिलो.

डेल खाली मान घालून परत येताना लोकांनी त्याची हुर्यो उडवली. कुणीतरी कागदाचा पेला फेकला. तेव्हा तात्या उठले. मी त्यांना आवाज चढवताना तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“त्याला काय ओरडता? त्याला काय ओरडता हो? तिकडं बघा की! तिकडं!” मफलर हवेत उडवत, बोट बाकाकडे रोखून, खणखणीत कराडी मराठीत. शब्द कुणाला कळले नाहीत, बोट सगळ्यांना कळलं. वॉल्टनं आपलं बोट रोखलं. मग रांगेनं, मग अख्ख्या बाजूनं. साठ-सत्तर बोटं त्या मॅनेजरवर रोखलेली, आणि मधे माझे सासरे. मी कुठे बघावं म्हणून खिशातला फोन काढला.

अकरा मिस्ड कॉल होते.

वैशालीनं बिघाड दुरुस्त करताना तपासणीसाठी ठेवलेला डेटा पुसायच्या ऐवजी एका गिऱ्हाइकाचा चालू डेटा पुसला होता. त्याची चार गोदामं पाच तास बंद. ट्रक दारात उभे. तिनं सगळं परत जागेवर आणलं होतं, पण एकटीनं. फोनवर ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. “सर, माझ्याच हातून झालं. मला कळलंच नाही मी कुठल्या स्क्रीनवर आहे.”

रविवारी सकाळी माझ्या बॉसची मेल आली. काय झालं, कोणाच्या हातून झालं, एका पानात, सोमवारी नऊ वाजता. असलं पान कशासाठी मागवतात हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पानावर ज्याचं नाव, त्याचं टेबल रिकामं. आणि वैशालीचं टेबल रिकामं झालं की व्हिसाही गेला, म्हणजे सामान बांधून नागपूर. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो आणि पहिली ओळ लिहिली. ‘सपोर्टवरच्या व्यक्तीच्या मानवी चुकीमुळे.’ मला ती ओळ आवडली. तीत मी कुठेच नव्हतो.

तात्या चहाचा कप घेऊन फ्रिजसमोर उभे होते. माझा तक्ता वाचत होते. तक्ता दिसला की वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

“ही वैशाली तीन आठवडे सलग आहे होय?”

“हो. म्हणजे, तिनं खुशीनं घेतला हा आठवडा.”

“हां,” तात्या म्हणाले. “खुशीनंच घेतात सगळे.” आणि कप विसळून ठेवायला गेले. भांडी त्या दिवशी माझ्याकडे होती.

दुपारी वॉल्ट दारात. क्लबनं मैदानावर लोकांना बोलावलं होतं. मालक आणि मॅनेजर भेटणार, हॉट डॉग फुकट. लोक इतके चिडले होते की क्लबला दुसरा इलाज नव्हता. “टाट्याला यायलाच पाहिजे,” वॉल्ट म्हणाला, “फाइल घेऊन. आणि तू भाषांतर करायला.” पान अर्धं टाकून मी गेलो. खरं सांगायचं तर पळ काढायला निमित्त हवंच होतं.

बाकांवर दोनशेएक माणसं. समोर टेबलामागे मालक. त्याचं गावात मोटारींचं शोरूम होतं आणि तो बोलतही तसाच होता. हंगाम उत्तम झाला, प्रेक्षक वाढले, दुर्दैवानं मोक्याच्या वेळी चेंडू जिथे टाकायचा तिथे टाकला गेला नाही, आणि डेल पुढच्या वर्षी आपल्याबरोबर नसेल. लोक भडकले. “मॅनेजरला काढा!” “मालकाला काढा!” “हॉट डॉग गार आहेत!” अशी सगळी गाऱ्हाणी एकदमच सुरू झाली. मॅनेजर मागे खुर्चीत गप्प बसला होता.

तात्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. वॉल्ट गरजला, “बॉसला बोलू द्या!” आणि खरोखर शांतता पसरली.

तात्या उभे राहिले. फाइल त्यांनी उघडली नाही. मला म्हणाले, “विचारा त्यांना, ड्युटी कोणी लावली?”

मी उभा राहिलो आणि सवयीनं ऑफिसचं इंग्रजी काढलं. कालच्या निर्णयप्रक्रियेत कुठले घटक विचारात घेतले गेले आणि जबाबदारीची विभागणी कशी होती, हे ह्यांना समजून घ्यायला आवडेल, असं काहीसं. वाक्य संपायच्या आत तात्यांनी माझी बाही ओढली.

“तीन शब्द म्हटले होते मी.”

“तेच सांगतोय तात्या.”

“तेच सांगायला एवढा वेळ लागत नाही.”

पुढच्या रांगेतली एक बाई हसली. मग मी घसा साफ करून इंग्रजीत तेवढंच विचारलं. काल डेलची ड्युटी कोणी लावली?

विचारताना ते शब्द माझ्याच तोंडून मलाच ऐकू आले. फ्रिजवरचं खोडलेलं नाव डोळ्यांसमोर आलं. मला वाटलं, आता खाली बसावं. पण तात्या उभे होते, म्हणून मलाही उभं राहावं लागलं.

मालक काहीतरी बोलायला लागला, तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅनेजर उठला. साठीचा, गुडघ्यात अधू. त्यानं टोपी काढली.

“मी,” तो म्हणाला. “मी त्याला विचारलं, जमेल का. तो हो म्हणाला. पण तो हो म्हणणारच होता. त्याला घर आहे, दोन मुलं आहेत, आणि वय चौतीस आहे. तो नाही म्हणू शकत नव्हता हे मला माहीत होतं. म्हणून मी विचारलं. चूक त्याची नाही.”

तात्यांना मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मॅनेजरकडे बघून हात जोडले, आणि खाली बसले. इतका वेळ ज्याला काढा म्हणून लोक घसा फोडत होते, त्याचं आता काय करावं ते त्यांना कळेना. वॉल्ट तर डोळे पुसत होता, आणि विचारल्यावर म्हणाला की हॉट डॉगवरची मोहरीची चटणी डोळ्यात गेली.

परतताना वॉल्ट गाडी चालवत होता, मी मधे, तात्या खिडकीशी. ते मांडीवरच्या फाइलची दोरी गुंडाळत होते. मग म्हणाले, “साहेबानं एका मिनिटात सांगितलं हो. मला चार दिवस लागले होते.”

“कशाला?”

“शिवरामच्या वेळेला.”

शिवराम त्यांच्या कारखान्यातला पॅनमन. पॅन नावाच्या मोठ्या कढईत उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवायचा, तो हा माणूस. जरा नजर चुकली की आतला पाक घट्ट होऊन पॅन म्हणजे दगड. एका हंगामात दुसरा पॅनमन लग्नाला गेला आणि तात्यांनी शिवरामला सलग तीन दिवस डबल ड्युटी लावली. त्यानं हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला. पॅन पहारीनं फोडावं लागलं, दीड दिवस कारखाना बंद, उसाच्या गाड्या हमरस्त्यापर्यंत. चौकशी लागली आणि शिवराम सस्पेंड झाला.

“तक्ता कुणी मागितलाच नाही बघा. मीही दाखवला नाही. म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू.” तात्या बाहेर बघत बोलत होते. “गेटवर हजेरीचा पितळी बिल्ला द्यायचो आम्ही. शिवरामला कामावर घ्यायचं नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तरी शिफ्टच्या वेळेला रोज यायचा. खिडकीतनं हात पुढं करायचा. मी मान हलवायचो. तो जायचा. तोंडातनं शब्द नाही. तीन दिवस. चौथ्या दिवशी त्यानं हात पुढं केला, मी बिल्ला ठेवला हातावर. आणि वर जाऊन लिहून दिलं.”

“मग?”

“मग काय, त्याला घेतला. माझं सुपरवायझर होणं सहा वर्षं लांबलं. तुमच्या सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत.” काच वर करत म्हणाले, “ते आठ दिवस शांततेत गेले.”

वॉल्टनं विचारलं, काय म्हणतोय बॉस? मी म्हटलं, हंगामाबद्दल बोलतोय.

घरी आल्यावर तात्या माझ्या लॅपटॉपकडे फिरकलेसुद्धा नाहीत. ते पत्रपेटीपर्यंत जाऊन आले आणि रेवाशी पत्ते खेळत बसले. रेवा त्यांना “आजोबा, यू आर चीटिंग!” म्हणत होती, ते “नो चीटिंग, नो चीटिंग” म्हणत पान लपवत होते. मी पहिली ओळ खोडली. लिहिलं, ‘त्या शनिवारी ड्युटी माझी होती. ती मी तिसऱ्या सलग आठवड्यासाठी वैशालीवर लावली, आणि तिला नाही म्हणता येणार नाही हे मला माहीत होतं.’ सोबत फ्रिजवरचा तक्ता जोडला, खोडाखोडीसकट. एवढं लिहायला मला दोन तास लागले. ह्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. सासरा समोर बसलेला असताना दुसरं काही लिहायची छाती झाली नाही, इतकंच.

वैशालीची नोकरी राहिली. माझं लीडपद गेलं, म्हणजे कोपऱ्यातलं टेबल गेलं आणि दर बुधवारची एक कंटाळवाणी मीटिंगही गेली; वीकेंडचा तक्ता तेवढा माझ्याकडे राहिला. अलका म्हणाली, “अरे, मग आता बुधवारची भांडी लवकर होतील.” पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी अडचणीसाठी मी वैशालीला एक शनिवार मागितला, तर ती म्हणाली, “सर, नाही जमणार.” इतकं गोड ‘नाही’ मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये तात्या परत गेले. फाइल वॉल्टला दिली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या ऑफिसच्या तक्त्याला लाल शाईनं एक रकाना वाढवला. पुढच्या वसंतात वॉल्टनं बातमी आणली. डेल परत आला होता, मॅनेजर मात्र दुसऱ्या गावी गेला होता. मी फोनवर सांगितलं. तात्या म्हणाले, “जाऊ दे. ताठ मानेनं गेला.”

दोन हजार आठच्या पावसाळ्यात त्यांना कराडच्या दवाखान्यात ठेवलं. फुप्फुसांत पाणी होत होतं. तीन दिवसांनी त्यांनीच नर्सच्या हातून फोन लावून घेतला. श्वास अपुरा पडत होता.

“जावईबापू, सुरेशला तीन दिवस झालेत माझ्याजवळ बसून. डोळे तारवटलेत त्याचे. अलकाला पाठवा. रिलीव्हर पाहिजे.”

सुरेश म्हणजे माझा मेव्हणा. आम्ही दोघंही निघालो. मुंबईहून टॅक्सीनं सकाळी सातला कराडला पोचलो. तात्या उशीला टेकून बसले होते, बरेच लहान झालेले. खाटेच्या पायथ्याला एक कागद अडकवला होता. रकाने वाकडे आले होते, पण आखलेले होते. सकाळी आठपासून अलका. दुपारी चारपासून मी. सुरेशच्या नावापुढे पूर्ण दिवस लाल शाईत ‘रेस्ट’, आणि माझ्या नावापुढे चारपर्यंत तेच.

“तात्या, मी बसतो की आत्ता. विमानात झोपलोय मी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टोपी काढली होती, आणि ती हातात फिरवत होतो.

“चार वाजता या,” ते म्हणाले. “जावा आता. घरी जाऊन पडा.”

मी गेलो. त्यांच्याच घरी, त्यांच्याच खाटेवर आडवा झालो आणि दगडासारखा झोपलो. सुरेशनं हलवून उठवलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तात्या साडेबाराला गेले होते, अलकाचा हात हातात घेऊन.

त्यानंतर कित्येक दिवस ते मला टोचत राहिलं. सात समुद्र ओलांडून गेलो आणि त्या पाच तासांत घोरत पडलो. एकदा अल्फारेटाच्या घरी भांडी विसळताना मी ते अलकाजवळ बोललो. तिनं हात पुसले. आत जाऊन पर्समधून तो घडी केलेला कागद घेऊन आली आणि फ्रिजवर, माझ्या तक्त्याशेजारी लावला. माझ्या नावापुढच्या लाल अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली,

“अरे, ही ड्युटी कोणी लावली?”